यादीतला नववा फोन

पाणीपुरवठा कार्यालयात तिला सगळे ‘सरकार’ म्हणत. मानानं नव्हे, चेष्टेनं. कंट्रोल रूममध्ये तिची पाळी असली की टाकीची पातळी बोटभर उतरली तरी ती तीन ठिकाणी फोन लावायची. पंपाचा आवाज जरा घोगरा वाटला तर मेकॅनिकला भरल्या ताटावरून उठवायची. शेवटी त्या मेकॅनिकनंच एकदा हात जोडले, “बाई, तुम्ही म्हणजे अगदी काळजीवाहू सरकार आहात!” त्यातलं काळजीवाहू कालांतरानं गळून पडलं आणि सरकार तेवढं चिकटलं.

“सरकार, आज कुठला धोका?” चहाचा कप ठेवताना शिपाई विचारायचा.

“आज तुझ्या चहात साखर नाही, हाच धोका.”

हा काळजीचा गुण तिला वडिलांकडून आला होता. वडील याच खात्यात गळती शोधायचं काम करत. दीड हाताची लाकडी काठी, वरच्या टोकाला वाटीसारखी खोलगट. रहदारी सुरू व्हायच्या आत रस्त्यावर जायचं, काठीचं टोक जमिनीला टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि श्वास रोखून ऐकायचं. जमिनीखाली चार हातांवर नळाला चीर गेली असेल तर ते तिथेच खडूनं फुली मारत आणि म्हणत, “खणा.” खणलं की नेमकं तिथेच पाणी. लोक त्यांना ‘कानसेन’ म्हणत. लहानपणी ती त्यांची पिशवी धरून मागे मागे फिरायची. थेंबाचा आवाज कुठला आणि चिरेचा कुठला, हे तिला शाळेत पाढे पाठ व्हायच्या आधी कळू लागलं होतं.

पण निवृत्तीच्या दिवशी वडिलांनी काठी दिली ती त्यांच्या शागिर्दाला. “तू बाईमाणूस, रस्त्यावर कान लावून कुठं बसणार?” एवढंच म्हणाले. तिनं त्या दिवशी हसून सगळ्यांना चहा दिला. काठी घरातच राहिली, अशी स्वतःची समजूत घातली, कारण शागिर्दही घरचाच होता.

तो विशीत असताना या गावात एकटा आला होता. कोणी ओळखीचं नाही, राहायची खोली म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. वडील त्याला जेवायला घरी घेऊन आले आणि तो पुढची दोन वर्षं रोज येत राहिला. ती त्याला दादा म्हणू लागली. तो रात्रशाळेत शिकला, इंजिनिअर झाला, भराभर वर चढला. तिचा नवरा वारला तेव्हा लेक तीन वर्षांची होती. त्या वेळी दादानंच साहेबांपुढे शब्द टाकून तिला ही नोकरी लावून दिली. लेक त्याला मामा म्हणायची, आणि मामाही दर रविवारी काहीबाही खाऊ घेऊन यायचा. वडिलांचे कान एव्हाना पूर्ण गेले होते. ज्या कानांवर गाव विसंबून होतं ते आता दाराची कडीसुद्धा ऐकू शकत नव्हते. दादा त्यांच्याजवळ बसून पाटीवर लिहून लिहून गप्पा मारायचा. म्हातारा खूष. असं माणूस रक्ताच्या नात्यातही मिळत नाही, असं ती शेजारणीला नेहमी सांगायची.

दोन वर्षांपूर्वी नदी पंपघरात घुसली. चार दिवस गावाला पाणी नव्हतं. पण पाणी नसण्यापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच होती: कोणी कोणाला सांगायचं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मोठ्या साहेबांना वाटलं, धाकट्यानं दवाखान्याला कळवलं असेल. धाकट्याला वाटलं, मोठ्यांनी. दवाखान्याला कळलं ते नळ कोरडा पडल्यावर. मग वरून आदेश आला की संस्था संकटात टिकून राहील अशी करा. एक नवा विभाग निघाला, सज्जता विभाग, आणि दादा त्याचा प्रमुख झाला.

पहिल्याच सभेत त्यानं टाळ्या मिळवल्या. “मोडेन पण वाकणार नाही, असं आपण अभिमानानं म्हणतो. संस्थेनं उलटं म्हणायला हवं. वाकेन, पण मोडणार नाही!”

भाषणं त्याची, पण कागदावर उतरवणारी ती. पाळी संपली की ती तासभर मागे थांबायची. एखादी टाकी दूषित झाली तर त्या टाकीखालच्या भागात फोन कोणत्या क्रमानं करायचे, याची यादी तिनं महिनाभर खपून केली. पहिला मोठा दवाखाना, तिथे मूत्रपिंडाच्या रुग्णांचं रक्त शुद्ध करणारं यंत्र याच पाण्यावर चालतं. दुसरं प्रसूतिगृह. मग पाळणाघरं, कारण तान्ही मुलं बोलून सांगू शकत नाहीत. मग शाळा, आधी धाकट्यांच्या, नंतर थोरल्यांच्या. तिची स्वतःची लेक चौदा वर्षांची. तिची शाळा त्याच टाकीखाली आणि सगळ्यांत थोरल्या मुलांची, म्हणून नवव्या नंबरवर आली. नऊ लिहिताना तिचा हात क्षणभर अडखळला होता. पण एकदा नियम केला की त्यात आपलं-परकं करायचं नाही, हे वडिलांचं वाक्य तिच्या कानात होतं.

पहिल्या सरावाच्या दिवशी मोठाच गोंधळ झाला. सरावाचा फोन खरा समजून दवाखान्यानं छतावरची अख्खी टाकी गटारात सोडून दिली. तेव्हा तिनं आणखी दोन नियम सुचवले. सराव असेल तर चावीवाल्यानं, म्हणजे टाकीच्या झडपेवरच्या माणसानं, चाकाला नुसता हात लावून “हात चाकावर” असं कळवायचं, चाक फिरवायचं नाही. आणि सरावाचा प्रत्येक निरोप सुरू करताना तीनदा म्हणायचं: तालीम, तालीम, तालीम. हे शब्द नसतील तर निरोप खरा धरायचा. दादानं त्यावर सही केली. तिनं ते पुठ्ठ्यावर ठळक लिहून फोनच्या वर टांगलं.

“सरकार, लग्नातही असंच तीनदा म्हणायचं का?” मेकॅनिक म्हणाला.

“तुझ्या लग्नात तर नक्की. नाहीतर मुलीला खरंच वाटायचं.”

मग तो मंगळवार उजाडला. दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. कंट्रोल रूमचा फोन वाजला नाही, तिचा मोबाइल वाजला. दादा तिला नेहमी मोबाइलवरच करायचा, म्हणून त्यात नवल वाटलं नाही. त्याचा श्वास चढलेला होता.

“दोन नंबरच्या टाकीत काहीतरी सांडलंय. रसायन. वास डोक्यात जातोय. बंद कर!”

ती थांबली. शब्द आले नव्हते.

“दादा, तालीम आहे?”

“वेळ नाहीये गं! बंद कर!” आणि फोन कट झाला.

तिनं मोबाइलवरूनच चावीवाल्याला फोन लावला. तो आणि टाकी, दोघंही जुने. “दोन नंबर बंद करा. खरंच. आणि सावकाश, घाई केली तर नळ फुटेल.”

“मला शिकवता होय सरकार? तुमच्या वडिलांनी शिकवलंय,” चावीवाला म्हणाला, पण त्याचाही आवाज उतरला होता.

मग तिनं यादी पुढे ओढली. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवूनही डोळे तिकडेच जात होते. लेकीच्या शाळेची छोटी सुट्टी अकराला. सकाळी ती स्वतः लेकीची बाटली भरून देत असे, पण लेक ती पहिल्या दोन तासांतच संपवायची आणि सुट्टीत शाळेच्या नळावर पुन्हा भरायची. कितीदा बजावलं होतं, पुरवून पी. उजव्या हातानं ती टेबलावरच्या फोनवर पहिला नंबर फिरवत होती. डाव्या हातात मोबाइल होता आणि अंगठा शाळेच्या नंबरावर. नुसता दाबायचा होता. कोणी बघत नव्हतं. दवाखान्यानं फोन उचलला, तिनं सांगितलं, त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. प्रसूतिगृहात फोनवरच्या मुलीला रडू फुटलं, तिला धीर द्यावा लागला. यादी आपणच केली, आपणच पहिली मोडली तर उद्या प्रत्येक जण आपापलं घर आधी पाहील, हे ती स्वतःला सांगत राहिली. पहिलं पाळणाघर. दुसरं. तिथे फोन उचलायलाच चार मिनिटं. अकरा वाजले. बालवाडी. आता ती नळापाशी रांगेत असेल. आता झाकण उघडत असेल. सहावा नंबर, प्राथमिक शाळा. तिचा आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.

“...मुलांना नळावरून बाजूला करा, आत्ताच्या आत्ता,” असं ती म्हणत असताना दार उघडलं. दादा आत आला. मागे चार पाहुणे, मुख्य कार्यालयाचे, गळ्यात ओळखपत्रं. दादाच्या हातात घड्याळ होतं.

“एकवीस मिनिटं, सहा फोन!” तो पाहुण्यांकडे वळून म्हणाला. “आणि यांना काहीही पूर्वकल्पना नव्हती. याला म्हणतात सज्जता!”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“म्हणजे?” ती म्हणाली.

“अगं, तालीम होती!”

ती खुर्चीत बसली आणि चक्क हसली. लेक सुखरूप आहे, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. इतकी सुटल्यासारखी झाली की राग यायलाही जागा उरली नव्हती.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. चावीवाला होता. “झाली पूर्ण बंद.”

दादाचा चेहरा पडला. त्याला वाटत होतं, चावीवाला नेहमीसारखा चाकाला हात लावून उभा असेल. शब्द न उच्चारल्यानं पुढचं सगळं खरंच घडणार, हे इतका हुशार माणूस विसरला होता. त्यानं तिच्या हातातला फोन ओढून घेतला. “बंद कशाला केलीस? उघड! पटकन उघड, पाहुणे उभे आहेत इथे!”

“पटकन नको, दादा!” ती ओरडली.

चावीवाल्यानं साहेबांचं ऐकलं. रिकाम्या नळात पाणी एकदम धावलं, पुढची हवा कोंडली आणि उतारावरचा चाळीस वर्षांचा नळ दुपारच्या आत फुटला. एका चपला दुरुस्त करणाऱ्याचं दुकान वाहून गेलं. खालच्या वस्तीला तीन दिवस पाणी नव्हतं. चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी दादा घरी आला. वडिलांच्या पाटीवर ‘तब्येत कशी आहे’ लिहिलं, लेकीच्या डोक्यावर टपली मारली आणि मग ओट्याशी येऊन हळूच म्हणाला, “तू फार बोलू नकोस उद्या. मी आहे ना. सांभाळून घेतो.”

“तुम्ही शब्द का नाही म्हणालात, दादा?”

“पाहुण्यांना खरं काय ते दाखवायचं होतं. तुझ्या भरवशावरच केलं ना हे! दुसरी कोणी असती तर धीर झाला असता का मला?” त्यानं ओट्यावरचा चहाचा कप उचलला. “बरं, तू शाळेत फोन केला होतास का गं? पोरीच्या?”

“नाही. नवव्या नंबरवर होती. मी सहाव्यावर असताना तुम्ही आलात.”

“मोबाइलवरूनही नाही?”

“नाही, दादा.”

“शाबास,” तो म्हणाला आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. “कानसेनांची पोर शोभतेस.”

ती खूष झाली. खोटं कशाला, त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

समितीत तिघं होते. मधल्या खुर्चीत चष्मा लावलेल्या एक बाई. दादा भिंतीशी बाजूला, मांडीवर कागद. बाईंनी आधी सांगितलं की सज्जता विभागाच्या प्रमुखांच्या लेखी जबाबानुसार निरोपाच्या सुरुवातीला ‘तालीम’ हा शब्द तीनदा उच्चारला होता. कंट्रोल रूमच्या फोनवरचं बोलणं आपोआप साठवलं जातं, पण हा निरोप मोबाइलवर आल्यानं नोंद नाही.

“नाही म्हणाले,” ती म्हणाली. “मी विचारलंसुद्धा. ते म्हणाले, वेळ नाही.”

“त्यांच्या जबाबात तसं नाही.” बाईंनी पान उलटलं. “तुमची मुलगी त्याच भागातल्या शाळेत आहे. बरोबर?”

तिनं वर पाहिलं. हे यांना कसं कळलं?

“हो.”

“पाण्यात विष आहे असं तुम्हाला खरोखर वाटत होतं?”

“हो.”

“एकवीस मिनिटांत तुम्ही सहा फोन केलेत. मुलीच्या शाळेला एकही नाही. मोबाइलवरूनही नाही.”

“ती शाळा यादीत नववी आहे.”

“बाई,” चष्मेवाल्या बाईंचा आवाज मऊ होता, ते जास्त लागलं. “मीही आई आहे. पोरगं विष पिणार असं वाटलं तर कोणती आई नंबर लावून बसेल? तुम्हाला तालीम माहीत होती, म्हणूनच तुम्ही शांत होतात. तरीही चावी बंद करायला लावलीत.”

ती दादाकडे वळली. आता तो उठेल, आता म्हणेल, नाही बाई, ती तशीच आहे, तिच्या बापानं तिला तसंच घडवलंय. दादा मांडीवरच्या कागदांचे कोपरे जुळवत होता. एक कोपरा जुळला, दुसरा जुळला. मग त्यानं कागदांना टाचणी लावली. ‘मोबाइलवरूनही नाही’ हे शब्द काल कोणी विचारले आणि कशासाठी विचारले, ते तिला तेव्हा कळलं. ओट्याशी उभं राहून, तिच्या घरचा चहा पीत, तो पुरावा गोळा करत होता.

आणि त्याहून खोल काहीतरी तिला त्याच खुर्चीत कळलं. लेकीची शाळा कुठे आहे, सुट्टी किती वाजता होते, बाटली ती कुठे भरते, सगळं त्याला ठाऊक होतं. दर रविवारी तो लेकीशीही गप्पा मारत बसायचा. घड्याळ हातात घेऊन तो पलीकडच्या खोलीत उभा होता, आणि तिला एकवीस मिनिटं वाटत होतं की आपली पोर मरते आहे.

तिला पुढे काही बोलता आलं नाही. बाईंनी तेही लिहून घेतलं. ‘समाधानकारक उत्तर दिले नाही.’

चावीवाल्यालाही बोलावलं होतं. तो कंत्राटावर, घरी खाणारी सहा तोंडं. “मला हुकूम कळतो, साहेब. कोण काय म्हणालं ते मला नाही कळत,” असं सांगून तो खाली मान घालून निघून गेला. त्याचा तिला राग आला नाही.

अहवालात ‘निष्काळजीपणा’ असा शब्द आला. कार्यालयात तो वाचून मेकॅनिक म्हणाला, “हिला? निष्काळजी?” आणि हसायला गेला, पण हसू आलं नाही त्याला. तिची बदली मीटर दुरुस्तीच्या शेडमध्ये झाली. तिथे फोन नाही. नादुरुस्त मीटर उघडायचे, गाळ काढायचा, चक्र फिरतं का बघायचं. दादाच्या विभागाची मुख्य कार्यालयानं वाखाणणी केली: एवढा अपघात होऊनही संस्था तीन दिवसांत सावरली.

हे सगळं तिनं गिळूनही टाकलं असतं. पण आठवड्यानं लेक शाळेतून आली ती दप्तर न काढताच दारात उभी राहिली. तिच्या वर्गातल्या एकीचे वडील खात्यात होते.

“आई, पाण्यात विष आहे असं वाटूनही तू मला फोन केला नाहीस?”

“कोण म्हणालं?”

“सगळ्या म्हणतायत. केला होतास की नाही?”

“नाही.”

“का?”

तिनं यादीबद्दल सांगितलं. दवाखाना, प्रसूतिगृह, पाळणाघरं. लेकीनं सगळं ऐकून घेतलं.

“आणि मला नववा नंबर कोणी दिला?”

“मीच.”

लेकीनं खांद्यावरचं दप्तर उतरवून ठेवलं. मग म्हणाली, “मी अकराला बाटली भरली होती त्या दिवशी.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

रविवारी दादा आला. हातात खाऊची पुडी, चेहऱ्यावर काही घडलंच नाही असं हसू. दार लेकीनं उघडलं, पण बाजूला झाली नाही.

“मामा,” ती म्हणाली, “खरंच आलात, की तालीम आहे?”

“अगं वेडे...” दादा हसायला गेला.

आतून वडिलांना दादा दिसला. त्यांनी हात वर केला. “ये रे! काय म्हणतेय पोरगी? दारात का उभा?”

इतके दिवस तिनं वडिलांना काही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या जिवाला उगाच घोर नको, म्हणून. आता तिनं पाटी उचलली, खडू घेतला आणि बारीक अक्षरांत दोन्ही बाजू भरेपर्यंत लिहिलं. दादा म्हणाला, “अगं, काकांना कशाला हे?” पण पाटी हिसकावून घ्यायची हिंमत त्याला झाली नाही. वडिलांनी सावकाश वाचलं. उलटी करून वाचलं. मग पदरानं पुसावी तशी धोतराच्या सोग्यानं पाटी कोरी केली आणि दादापुढे धरली.

“तीन वेळा म्हणालास?”

दादानं खडू घेतला. लिहिलं, ‘गैरसमज झाला, काका.’

“ते नाही विचारलं.” बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, शेजारच्या घरापर्यंत गेला. “म्हणालास का?”

दादानं खडू खाली ठेवला.

“माझी काठी आणून दे,” वडील म्हणाले.

“हो काका. आणतो,” असं तो तोंडानं म्हणाला. वडिलांना ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं असावं. त्यांनी मान फिरवली.

त्याला आता आठ महिने झाले. काठी आलेली नाही. ती दादाच्या कार्यालयातल्या खोलीत काचेच्या पेटीत आहे, पाहुणे आले की तो दाखवतो, गुरूंची आठवण म्हणून सांगतो. शिपाई म्हणाला, अलीकडे त्यात दिवाही बसवलाय. कंट्रोल रूममधला पुठ्ठा तसाच टांगलेला आहे, त्यावरचं अक्षर तिचंच.

रविवारी घरी कोणी येत नाही. वडील तरीही दुपारी दाराकडे तोंड करून बसतात, आणि कोणाची वाट पाहताय असं विचारलं तर चिडतात.

लेकीनं मात्र एक नवीन सवय लावून घेतली आहे. सकाळी बाटली दप्तरात खोचून ती दारात थांबते आणि म्हणते, “नंबर नऊ निघाला हं, सरकार.” आणि हसते. ही थट्टा आहे, की अजून कुठेतरी चीर आहे, हे तिला ओळखता येत नाही. ती दार लावते, लाकडाला कान लावून उभी राहते आणि जिन्यावरून उतरत जाणारी पावलं ऐकत राहते, शेवटची पायरी येईपर्यंत.